टेक्ससमध्ये मतदारसंघांचे नकाशे बदलतात तेव्हा: नव्या मराठी रहिवाशांसाठी वाटाड्या

टेक्ससमध्ये येऊन काही वर्षं झाली, की बातम्यांत 'रीडिस्ट्रिक्टिंग', म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणं, हा शब्द कानावर पडू लागतो. बहुतेक मराठी घरांत तो एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडला जातो, कारण आपल्या डोक्यात भारतातली पद्धत पक्की बसलेली असते. तिकडे मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. त्याच्या अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात, आणि घटनेच्या ३२९व्या कलमामुळे न्यायालयंही सहसा त्या आदेशात हात घालत नाहीत. आमदार-खासदार सल्ला देतात, लॉबिंग करतात, पण पेन्सिल त्यांच्या हातात नसते.

टेक्ससमध्ये पेन्सिल आमदारांच्याच हातात आहे. ऑस्टिनच्या विधिमंडळात बसलेली माणसं स्वतःचे मतदारसंघ स्वतः आखतात आणि वॉशिंग्टनला जाणाऱ्या खासदारांचेही तेच आखतात. हा नकाशा म्हणजे एक विधेयक असतं. ते मांडलं जातं, समितीकडे जातं, दोन्ही सभागृहांत मंजूर होतं आणि गव्हर्नर त्यावर सही करतात. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: नकाशा जाहीर होतो त्या दिवशी त्यातलं बरंचसं आधीच ठरून गेलेलं असतं. तुमच्या हातात जे काही आहे, ते त्याच्या आधीचं आहे. पुढच्या पायऱ्या त्याच बेताने मांडल्या आहेत.

दुसऱ्या राज्यात राहत असाल तर हा लेख जसाच्या तसा लागू होणार नाही. कॅलिफोर्नियात १४ नागरिकांचा आयोग नकाशे काढतो. न्यू जर्सीत दोन्ही पक्षांनी नेमलेल्या लोकांचे आयोग आहेत. आयोवात विधिमंडळाचे पक्षनिरपेक्ष कर्मचारी आराखडा तयार करतात आणि आमदार तो स्वीकारतात किंवा फेटाळतात. मात्र जनगणनेचं वेळापत्रक आणि केंद्रीय न्यायालयांचे नियम सगळीकडे तेच.

आधी आपले चार क्रमांक शोधा

टेक्ससमधलं प्रत्येक घर एकाच वेळी चार वेगवेगळ्या नकाशांवर असतं. केंद्रीय प्रतिनिधिगृहाचे ३८ मतदारसंघ, टेक्सस सिनेटचे (राज्याचं वरिष्ठ सभागृह) ३१, टेक्सस हाउसचे (कनिष्ठ सभागृह) १५० आणि राज्य शिक्षण मंडळाचे १५. शिक्षण मंडळाकडे आपली मंडळी पूर्ण दुर्लक्ष करतात. मुलांच्या इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या अभ्यासक्रमात काय असावं, हे ते मंडळ ठरवतं, आणि पालक म्हणून आपण सगळ्यात जास्त बोलतो ते शाळेबद्दलच.

टेक्सस विधिमंडळाच्या संकेतस्थळावर 'हू रिप्रेझेंट्स मी' नावाचं पान आहे. तिथे पत्ता टाकला की चारही क्रमांक आणि प्रतिनिधींची नावं मिळतात. क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवा आणि त्यापुढे वर्ष लिहा. नकाशा बदलला की क्रमांक बदलतो, आणि कधीकधी क्रमांक तोच राहून आजूबाजूचा सगळा मतदारसंघच दुसरीकडे सरकतो. टेक्सस हाउसचा ७६ क्रमांकाचा मतदारसंघ २०२१ पर्यंत एल पासोमध्ये होता. त्या वर्षीच्या नकाशात तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ह्यूस्टनजवळच्या फोर्ट बेंड काउंटीत आला. कारण सरळ होतं: एल पासोची लोकसंख्या राज्याच्या वेगाने वाढली नव्हती आणि फोर्ट बेंडची दहा वर्षांत ५,८५,३७५ वरून ८,२२,७७९ झाली होती. त्या वाढीत आपल्याकडून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे.

जनगणनेत स्वतःला मोजून घ्या, व्हिसा कोणताही असो

ही पायरी बिगरनागरिकांसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नेमकी तेच ती टाळतात. अमेरिकेची जनगणना इथे राहणाऱ्या प्रत्येकाची असते. एच-वन-बीवर असाल, एच-फोरवर असाल, विद्यार्थी असाल, ग्रीन कार्डच्या रांगेत असाल, तरी तुम्ही मोजले जाता. इथे जन्मलेलं तान्हं बाळही मोजलं जातं. भारतातून चार महिन्यांसाठी आलेले आई-वडील मात्र मोजायचे नाहीत. त्यांचं नेहमीचं घर तिकडे आहे.

मतदारसंघ मतदारांच्या संख्येवर आखावेत, एकूण लोकसंख्येवर नकोत, असा दावा टेक्ससच्याच दोन मतदारांनी केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१६ मध्ये एव्हनवेल विरुद्ध ॲबट या खटल्यात एकमताने फेटाळला. एकूण लोकसंख्या धरूनच मतदारसंघ आखणं राज्यांना पूर्ण मुभेचं आहे, आणि टेक्सस तेच करतं. म्हणजे मत देता येत नसलं, तरी तुमच्या वस्तीला किती आमदार मिळतात यात तुमचा आकडा धरलेला असतो.

आकडा चुकला तर काय होतं, याची दोन उदाहरणं पुरेत. २०२० च्या जनगणनेत न्यूयॉर्क राज्याची एक जागा ८९ माणसांनी गेली. आणि टेक्ससमध्ये जनगणना खात्यानेच नंतर केलेल्या पडताळणीत सुमारे १.९२ टक्के लोक मोजायचे राहिल्याचं निघालं, म्हणजे साडेपाच लाखांच्या आसपास. राज्याला तीन जागा वाढून मिळतील असा अंदाज होता, मिळाल्या दोन.

फॉर्म भरताना वंशाच्या प्रश्नात 'एशियन इंडियन' असा वेगळा पर्याय असतो. पण मतदारसंघ आखण्यासाठी राज्यांना जो तपशील दिला जातो, त्यात फक्त 'एशियन' एवढाच गट असतो. भाषेचा प्रश्न तर दहा वर्षांच्या जनगणनेत नसतोच. तो 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' या वेगळ्या, नमुना पद्धतीच्या पाहणीत विचारतात. ही पाहणी दरवर्षी काही निवडक घरांना येते. तुमच्या घरी आली तर घरात बोलायच्या भाषेपुढे मराठी लिहा, 'हिंदी' किंवा 'इंडियन' नको. ती जाहिरात समजून कचऱ्यात टाकू नका. उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. व्यक्तिगत उत्तरं ७२ वर्षं गुप्त ठेवावी लागतात. इमिग्रेशन खात्याला किंवा पोलिसांना ती देता येत नाहीत.

तारखा पाठ करा, निदान ढोबळ

पुढचा जनगणना दिन १ एप्रिल २०३०. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत राज्यवार लोकसंख्या राष्ट्राध्यक्षांकडे पोचली पाहिजे, आणि तिच्यावरून प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा पन्नास राज्यांत वाटल्या जातात. मग १ एप्रिल २०३१ पर्यंत प्रत्येक राज्याला अगदी ब्लॉकपर्यंतचे (जनगणनेचा सगळ्यात लहान भाग) आकडे मिळायला हवेत.

टेक्ससचं विधिमंडळ मात्र वर्षभर भरत नाही. विषम वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सुरू होऊन ते जास्तीत जास्त १४० दिवस चालतं. २०३१ मध्ये १४ जानेवारी ते २ जून. ब्लॉकचे आकडे शेवटच्या तारखेला आले, तर हातात दोन महिने उरतात, आणि त्याच दोन महिन्यांत अर्थसंकल्पही असतो. टेक्ससची राज्यघटना सांगते, की आकडे जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्या नियमित अधिवेशनात सिनेट आणि हाउसचे नकाशे व्हायला हवेत. झाले नाहीत तर काम पाच जणांच्या मंडळाकडे जातं: लेफ्टनंट गव्हर्नर, हाउसचे स्पीकर, ॲटर्नी जनरल, कम्प्ट्रोलर आणि लँड कमिशनर. काँग्रेसचा, म्हणजे केंद्रीय प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांचा, नकाशा या मंडळाच्या कक्षेत येत नाही. तो रखडला, तर एकतर गव्हर्नर विशेष अधिवेशन बोलावतात किंवा न्यायालय नकाशा काढतं. २००१ साली काँग्रेसचा नकाशा केंद्रीय न्यायालयानेच काढला होता.

विशेष अधिवेशन ३० दिवसांचं. ते बोलावण्याचा अधिकार एकट्या गव्हर्नरांचा, आणि विषयपत्रिकाही त्यांचीच. गेल्या खेपेला सगळं तिथेच झालं. कोविडमुळे ब्लॉकचे आकडे ऑगस्ट २०२१ मध्ये आले, तोवर नियमित अधिवेशन संपलं होतं. काँग्रेसचा प्रस्तावित नकाशा २७ सप्टेंबरला लोकांसमोर आला, १८ ऑक्टोबरला दोन्ही सभागृहांची अंतिम मंजुरी झाली आणि २५ ऑक्टोबरला सही. मंजुरीपर्यंत अवघे तीन आठवडे! एवढ्या वेळात आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाचा हॉलसुद्धा ठरत नाही.

आणि दहा वर्षांत एकदाच नकाशा बदलतो, हा समज सोडून द्या. कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नाही. २००३ मध्ये टेक्ससने मधल्या काळात काँग्रेसचा नकाशा बदलला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं मध्येच बदलणं घटनाबाह्य नसल्याचं सांगितलं. त्या नकाशातल्या २३व्या मतदारसंघाबाबत मात्र मतदान हक्क कायद्याचा भंग झाल्याचं ठरवलं. २०२५ मध्ये पुन्हा तेच घडलं. २१ जुलैला विशेष अधिवेशन भरलं, ३० जुलैला नकाशा आला, २९ ऑगस्टला त्यावर सही झाली. यावेळी रिपब्लिकन पक्षाला आणखी पाच जागा जिंकता याव्यात हा हेतू कुणी लपवलासुद्धा नाही. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये आपल्या आयोगाचा नकाशा बाजूला ठेवून डेमोक्रॅट पक्षाला सोयीचा नकाशा मंजूर केला.

दोन्ही वेळा टेक्ससमधले डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून गेले होते, २००३ मध्ये ओक्लाहोमा आणि न्यू मेक्सिकोला, २०२५ मध्ये मुख्यतः इलिनॉयला. हाउसमध्ये कामकाजासाठी १५० पैकी १०० सदस्य हजर लागतात. तेवढे नसले की काम थांबतं. टीव्हीवर हे नाट्य रंगतं. पण दोन्ही वेळा नकाशा शेवटी मंजूर झालाच, फक्त उशिराने. अशा बातम्यांवरून निकालाचा अंदाज बांधू नका.

कोणता नियम खरा बांधतो आणि कोणता नाही

सगळ्यात कडक नियम समान लोकसंख्येचा. १९६४ मधल्या दोन निकालांनंतर देशभर हा नियम आला. काँग्रेससाठी तो जवळजवळ माणसागणिक पाळतात. टेक्ससची २०२० ची लोकसंख्या २,९१,४५,५०५. तिला ३८ ने भागलं की प्रत्येक मतदारसंघात ७,६६,९८७ माणसं. म्हणून काँग्रेसच्या नकाशात एखादी रेषा तुमच्या गल्लीतून जाताना दिसली, तर त्यामागे फक्त शंभर माणसांचा हिशेब जुळवणं असू शकतं. टेक्ससच्या स्वतःच्या सभागृहांसाठी थोडी सूट आहे; सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या मतदारसंघात १० टक्क्यांपर्यंत फरक साधारणपणे चालतो.

हाउसच्या नकाशाला आणखी एक नियम आहे, आणि तो मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो: काउंटीची हद्द शक्यतो मोडायची नाही. काउंटीत जितके पूर्ण मतदारसंघ बसतात तितके आत बसवायचे आणि उरलेले लोक शेजारच्या काउंटीला जोडायचे. फ्रिस्को शहर अर्धं कॉलिन काउंटीत आणि अर्धं डेंटन काउंटीत आहे. शाळा एकाच फ्रिस्को आयएसडीच्या (शाळा जिल्ह्याच्या), दुकानं तीच, मंदिर तेच, पण काउंटीच्या रेषेपलीकडच्या मित्राचा हाउसमधला आमदार वेगळा असतो. यात कुणाचा कट नाही, राज्यघटनेचा नियम आहे. समितीसमोर जाऊन याविरुद्ध तावातावाने बोललात, तर लोक ऐकून घेतील आणि पुढचा साक्षीदार बोलावतील.

आता ज्या गोष्टी टेक्ससच्या काँग्रेसच्या नकाशाला बांधत नाहीत, त्या. मतदारसंघ आटोपशीर आकाराचा असावा असा राज्याचा नियम नाही. पक्षाच्या फायद्यासाठी रेषा वाकवायला मनाई नाही. २०१९ च्या रूचो विरुद्ध कॉमन कॉज या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पक्षीय हेतूच्या तक्रारी केंद्रीय न्यायालयं ऐकणार नाहीत. म्हणून 'हा नकाशा अमुक पक्षाला झुकतं माप देतो' हे तुमचं म्हणणं कितीही खरं असलं, तरी न्यायालयात ते आपल्या पायावर उभं राहत नाही.

वंशाचा मुद्दा वेगळा आहे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचं दुसरं कलम अल्पसंख्य मतदारांचं बळ पातळ करण्याविरुद्ध आहे, आणि त्याची व्याप्ती किती यावर सतत खटले चालतात. दुसरीकडे, चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे रेषा मुख्यतः वंशावरूनच आखणंही चालत नाही. या दोन भिंतींमधून वाट काढत आमदार आणि त्यांचे वकील काम करतात. त्यामुळे तुम्हाला समितीत वारंवार ऐकू येईल, की नकाशा काढताना आम्ही वंशाचे आकडे पाहिलेच नाहीत. हे वाक्य वकिलाने लिहून दिलेलं असतं, हे समजून ऐका.

नकाशा वाचायला शिका

विधिमंडळाच्या रीडिस्ट्रिक्टिंगच्या संकेतस्थळावर 'डिस्ट्रिक्ट व्ह्यूअर' नावाची सोय आहे. प्रत्येक नकाशाला क्रमांक असतो. 'प्लॅन'पुढे सी म्हणजे काँग्रेस, एस म्हणजे सिनेट, एच म्हणजे हाउस, ई म्हणजे शिक्षण मंडळ. २०२१ मध्ये मंजूर झालेला काँग्रेसचा नकाशा प्लॅन सी २१९३, आणि २०२५ चा प्लॅन सी २३३३. वर्तमानपत्रातलं चित्र पाहून बोलण्यापेक्षा हा क्रमांक घेऊन बोलावं, कारण एकाच आठवड्यात चार आवृत्त्या फिरत असतात आणि तुम्ही ज्याला विरोध करता आहात तो परवाच रद्द झालेला असू शकतो.

नकाशाचा आकार पाहून लगेच निष्कर्ष काढू नका. सापासारखा वळसे घेणारा मतदारसंघ कधी नदीमुळे, कधी शहराच्या वेड्यावाकड्या हद्दीमुळे तसा होतो, आणि चौकोनी, नीटनेटका दिसणारा मतदारसंघही एखाद्या वस्तीचे बरोबर दोन तुकडे करू शकतो. तीन गोष्टी तपासा. एक, तुमची वस्ती पूर्वी कुणाबरोबर होती आणि आता कुणाबरोबर आहे. दोन, तिचे तुकडे किती झाले. तीन, प्रत्येक तुकडा नव्या मतदारसंघात किती टक्के आहे.

२०२१ मध्ये कॉलिन काउंटीत हेच झालं. फ्रिस्को-प्लेनो पट्ट्यात एशियन लोकसंख्या झपाट्याने वाढली होती आणि ती मुख्यतः काँग्रेसच्या तिसऱ्या मतदारसंघात होती. नव्या नकाशात तिचा मोठा भाग चौथ्या मतदारसंघात गेला. हा मतदारसंघ तिथून निघून ओक्लाहोमाच्या हद्दीलगतच्या ग्रामीण काउंट्यांपर्यंत पसरलेला होता. अशा जागी एच-वन-बीच्या रांगेचा किंवा शहरी टोलरस्त्यांचा प्रश्न खासदाराच्या यादीत कितव्या क्रमांकावर असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा. वस्तीचे असे तुकडे करून विखुरण्याला तोडणं म्हणतात. उलट प्रकार म्हणजे कोंबणं: एका गटाचे मतदार एकाच मतदारसंघात इतके भरायचे, की तिथे ते प्रचंड फरकाने जिंकतात आणि आजूबाजूच्या तीन जागांवर त्यांचा प्रभाव उरत नाही.

ब्लॉकच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. व्यक्तींची ओळख झाकण्यासाठी २०२० च्या जनगणनेत ब्लॉक पातळीवरच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गणिती ढवळाढवळ केलेली आहे. एका ब्लॉकवर युक्तिवाद उभा करू नका. निदान प्रिसिंक्ट (मतदानासाठी आखलेला भाग) किंवा ट्रॅक्ट (अनेक ब्लॉक मिळून झालेला जनगणनेचा भाग) घ्या.

समितीसमोर बोलायला जा, पण तयारीने

दोन्ही सभागृहांत रीडिस्ट्रिक्टिंगची समिती असते. जनगणनेच्या आसपासच्या वर्षांत या समित्या वेगवेगळ्या शहरांत सुनावण्या घेतात. तेव्हा नकाशा नसतो, गर्दी नसते, बातमीदारही फारसे नसतात, आणि म्हणूनच तिथे बोललेलं खरं कामाला येण्याची शक्यता असते. गेल्या खेपेला हाउसच्या समितीने २०१९ मध्येच अशा सुनावण्या सुरू केल्या होत्या. कोविडने त्या थांबवल्या आणि नंतरच्या काही सुनावण्या ऑनलाइन झाल्या. २०२९ पासून समितीच्या सूचनांवर लक्ष ठेवा. ईमेलने सूचना मिळवण्याची सोय आहे.

नकाशा विधेयक म्हणून आल्यानंतरची सुनावणी ऑस्टिनच्या कॅपिटलमध्ये होते. तिथल्या यंत्रावर नाव नोंदवायचं: बाजूने, विरोधात किंवा नुसतंच विषयावर. बोलायला साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि क्रमांक रात्री अकराला लागू शकतो. डबा घेऊन जा. साक्ष द्यायला मतदार असण्याची अट नाही. प्रवास जमत नसेल, तर हाउसच्या समितीला विधेयकाच्या क्रमांकासह लेखी म्हणणं ऑनलाइन देता येतं.

काय बोलायचं? आपल्याकडची माणसं इथे सभेतल्या भाषणाच्या सुरात जातात: लोकशाही, अन्याय, आमच्या समाजाचं योगदान, डॉक्टर किती, इंजिनिअर किती. समितीला त्यातलं काही वापरता येत नाही. तिला वापरता येतो भूगोल. समजा तुम्ही शुगर लँडचे आहात. तर असं सांगा: मी अमुक वस्तीत राहते; आमची वस्ती आणि रस्त्यापलीकडची वस्ती एकाच फोर्ट बेंड आयएसडीत आहे; ब्राझोस नदीच्या पुरापासून दोघींना वाचवणारी लेव्ही एकाच लेव्ही डिस्ट्रिक्टची आहे; २०१७ मध्ये हार्वी वादळात आम्हाला एकत्रच घरं सोडायला सांगितलं; प्लॅन अमुक-तमुक आमच्या मधून रेषा नेतो; ती रेषा या रस्त्याऐवजी त्या रस्त्याने नेली, तर दोन्ही वस्त्या एकत्र राहतात आणि साधारण इतक्या लोकांचा फरक पडतो. शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. ते लिहिण्यासाठी 'डेव्हज रीडिस्ट्रिक्टिंग' किंवा 'डिस्ट्रिक्टर' या फुकट साधनांवर एक संध्याकाळ घालवा. रेषा सरकवली की आकडा लगेच बदलताना दिसतो, आणि एकीकडे वाढवलेले लोक दुसरीकडून कमी करावे लागतात हेही हाताला कळतं.

आपल्या वस्तीची ओळख फक्त मराठी म्हणून देऊ नका. ७,६६,९८७ च्या मतदारसंघात मराठी घरं किती असणार? तेलुगू, गुजराती, तमिळ, पाकिस्तानी, चिनी, व्हिएतनामी शेजाऱ्यांबरोबर मिळून बोला. त्यांच्यातल्या काही संघटना या कामात आपल्यापेक्षा कितीतरी वर्षं पुढे आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या वतीने जाणार असाल, तर मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं आहे का ते बघा. अशा संस्थेला उमेदवाराचा प्रचार अजिबात करता येत नाही. विधेयकावर मत मांडता येतं, पण ते संस्थेच्या कामाचा छोटासा भाग असायला हवं. शंका असेल तर स्वतःच्या नावाने बोला.

प्रत्यक्षात परिणाम किती होतो? बहुमताने मनाशी पक्कं केलेली काँग्रेसची जागा तुमच्या दोन मिनिटांनी हलत नाही. हाउसच्या नकाशात मात्र वस्तीच्या पातळीवरचे छोटे बदल शेवटपर्यंत होत राहतात, कारण तिथे आमदार एकमेकांशी घासाघीस करत असतात. सिनेटचा नकाशा सिनेटने काढायचा, हाउसचा हाउसने, आणि एकमेकांच्या घरात नाक खुपसायचं नाही, अशी तिथली जुनी रीत आहे. म्हणून हाउसच्या नकाशाची तक्रार सिनेटरकडे नेऊन वेळ घालवू नका. आपल्या आमदाराच्या कार्यालयात कायदेविषयक काम पाहणारा कर्मचारी गाठा. आणि साक्षीचं आणखी एक मूल्य आहे: पुढे खटला झाला, तर विधिमंडळाला काय सांगितलं गेलं होतं याची ती नोंद असते.

मंजुरीनंतर

खटला होतोच, असं धरून चाला. २०११ च्या नकाशांवरच्या खटल्यामुळे २०१२ ची मार्चमधली प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) २९ मेपर्यंत ढकलावी लागली होती. २०२५ चा नकाशा एल पासोतल्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने १८ नोव्हेंबरला रोखला. सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबरला त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि उमेदवारी अर्जांची मुदत ८ डिसेंबरला संपत होती. म्हणजे चार दिवस आधीपर्यंत उमेदवारांनाही आपला मतदारसंघ पक्का ठाऊक नव्हता. अशा काळात शेजाऱ्याने पाठवलेल्या व्हॉट्सॲप नकाशावर विसंबू नका.

नागरिक असाल तर निवडणुकीच्या किमान ३० दिवस आधी मतदार नोंदणी झालेली हवी. घर बदललं असेल तर पत्ता बदला. नागरिक नसाल, तर ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीचा प्रश्न आला की नीट वाचून 'नाही' म्हणा. चुकून झालेली नोंदणीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात अडचण आणते. ग्रीन कार्ड असलेल्यांना उमेदवाराला देणगी देता येते, व्हिसावर असलेल्यांना येत नाही.

टेक्ससमध्ये नोंदणी करताना पक्ष लिहावा लागत नाही. मार्चमध्ये कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं ते तिथे जाऊन ठरवता येतं. नव्या नकाशात तुमचा मतदारसंघ एका पक्षाकडे पुरता झुकला असेल, तर खरी लढत त्या प्रायमरीतच होते, आणि तिथे मतदान कमी असल्यामुळे काही शे मतांनी निकाल फिरतो. नोव्हेंबरची वाट पाहणाऱ्यांना तयार निकालावर शिक्का मारायचं काम उरतं. जनगणनेनंतर टेक्सस सिनेटचा नकाशा बदलला, की त्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत तिच्या सगळ्या ३१ जागा एकदम लढवल्या जातात. मग निवडून आलेले सदस्य चिठ्ठ्या काढतात: कुणाला दोन वर्षं, कुणाला चार.

काउंटी आणि शहर विसरू नका

जनगणनेनंतर काउंटीच्या चार कमिशनरांचे प्रिसिंक्ट (इथे अर्थ त्यांचे मतदारसंघ), वॉर्ड पद्धत असलेल्या शहरांच्या नगर परिषदा आणि काही शाळा मंडळं यांचेही नकाशे बदलतात. तिथे ऑस्टिनला जावं लागत नाही. बैठक जवळपासच असते, समोर पाच-सात माणसं बसलेली असतात, आणि एका वस्तीचे वीस लोक आले तर सगळ्यांच्या नजरेत भरतात. रस्ता, ड्रेनेज, उद्यान, ग्रंथालय हे प्रश्न त्यांच्याच हातात असतात. इथेही मध्येच बदल होऊ शकतो; टॅरंट काउंटीने जून २०२५ मध्ये आपले प्रिसिंक्ट नव्याने आखले. या बैठकांची विषयपत्रिका आधी जाहीर करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती काउंटीच्या किंवा शहराच्या संकेतस्थळावर मिळते. तुमचा कमिशनर कोण, त्याचा प्रिसिंक्ट कितवा, हा पाचवा क्रमांकही त्या चार क्रमांकांखाली लिहून ठेवा.